परवाना देण्याआधी काकूला विचारा

सकाळपासून डोकं तापलंय. लिहून टाकते म्हणजे कामाला लागता येईल.

आमच्या सिंहगड रोडच्या सोसायटीत परवा चोरी झाली. माणसं गावाला गेलेली, कडीकोयंडा तोडून दागिने नेले. वाईटच झालं. पण आज ग्रुपवर एका गृहस्थांनी काय लिहावं? "प्रत्येक विंगमधल्या दोघांनी तरी पिस्तुलाचा परवाना काढून ठेवा. माझी ओळख आहे, काम होऊन जाईल." खाली अंगठ्यांची ही रांग! त्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांचाही अंगठा.

अहो, घर बंद होतं. पिस्तूल असतं तर दागिन्यांबरोबर तेही गेलं असतं.

मी बंदुकीच्या घरात वाढलेय, म्हणून बोलते. कोकणात आमच्या काकांकडे शेती संरक्षणाची ठासणीची बंदूक होती, नळीत दारू आणि छरे ठासून भरायची. रीतसर परवाना, वानरं आणि डुकरांसाठी. माजघरात खुंटीला टांगलेली. काका माणूस सोन्यासारखा, पण राग नाकावर. बांधावरून चुलत्यांशी वाजलं की तावातावाने घरात यायचे आणि पहिली नजर खुंटीकडे जायची. उचलली कधीच नाही. पण ती नजर आम्ही पोरांनी पाहिलीय, आणि ती नजर गेली की काकूच्या हातातलं काम थांबायचं हेही पाहिलंय.

काकूने काय करावं? दारू, छरे सगळं जागच्या जागी, फक्त केपांची, म्हणजे बार पेटवणाऱ्या टोप्यांची, डबी तिने तांदळाच्या पिंपात खोल पुरून ठेवलेली. केपेशिवाय ठासणीची बंदूक म्हणजे नुसती नळी. वानरं आली की काका ओरडायचे, "केपा कुठायत?" मग ती कोपरापर्यंत हात घालून डबी काढायची आणि मोजून दोन केपा द्यायची. दोनच. उरलेली परत मागून घ्यायची.

आता कायदा बघा. शस्त्र कायदा १९५९चा. वय २१ पूर्ण हवं, पोलीस चौकशी होते, गुन्हे आहेत का बघतात, शहरात पोलीस आयुक्त परवाना देतात. २०१९ला दुरुस्ती झाली, माणशी तीन बंदुकांच्या दोन केल्या. खरं तर एकच ठेवायची असा प्रस्ताव होता, आरडाओरडा झाला आणि दोनवर मिटलं. दोन कशाला हव्यात? दोन्ही हातांनी झाडणार आहात का? त्याच दुरुस्तीत वरातीत, समारंभात बेदरकारपणे बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असंही आलं. आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली. पाच वर्षांत माणसाचं काय काय होतं! नोकरी जाते, दारू लागते, भावाभावांत फ्लॅटवरून कोर्टकचेरी सुरू होते.

आणि हे सगळं बघून घेताना त्या माणसाबरोबर रोज राहणाऱ्या बाईला कोण विचारतं? कॅनडात अर्जावर जोडीदाराची सही मागतात. गेल्या दोन वर्षांत वेगळी झालेली बायको असेल तर तिचीही. सही नसेल तर सरकार तिला कळवतं की हा माणूस बंदूक मागतोय, तुझं काही म्हणणं आहे का. आपल्याकडे तसं बंधन नाही. आमच्या काकूलाही कुणी विचारलं नव्हतं. पंचनाम्यासारखी चौकशी झाली ती ओटीवर, काकांची आणि शेजाऱ्यांची. ती आत चहा करत होती.

होय, कळतंय, कोयते नाचवणाऱ्या पोरांकडे आणि गावठी कट्टेवाल्यांकडे कुठला आलाय परवाना. मान्य. आणि डुकरं एका रात्रीत भात लोळवतात, तिथे शेतकऱ्याला बंदूक लागतेच, तेही मान्य. बालेवाडीला सराव करणाऱ्या नेमबाजांबद्दल तर माझी तक्रारच नाही, स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ब्राँझ जिंकलं तेव्हा मीही पेढे वाटलेत. पण जमीन विकून आलेल्या पैशात कमरेला पिस्तूल खोचून लग्नाला जाणाऱ्याला कसला धोका आहे हो? सासऱ्याचा?

हे लिहिताना त्या गृहस्थांचाही विचार आला. त्यांची नोकरी फिरतीची, बायको दोन लहान मुलींना घेऊन एकटी असते. भीती खरी आहे. रात्री लिफ्टचा आवाज आला की मीही दचकते. पण मागच्या गेटचा दिवा कधीपासून बंद आहे, कॅमेऱ्यावर कबुतरांनी घरटं केलंय, त्यावर ग्रुपवर एक अंगठा नाही आला.

काकूला निवडणुका फार आवडायच्या, हे सांगायचं राहिलं. राजकारणातलं तिला ओ का ठो कळत नव्हतं. पण आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागायची. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत कुठलीही निवडणूक तिला चालायची. काका करवादायचे, आता वानरांना काय हात जोडू? आणि ही चुलीपुढे गाणं म्हणायची.

माझं मागणं एवढंच आहे. परवाना देताना आणि दर नूतनीकरणाला घरातल्या बायकोला, आईला, मोठ्या मुलीला वेगळं बसवून विचारा. नवऱ्यासमोर नको, शक्यतो महिला पोलिसाने विचारावं. ती नको म्हणाली तर कारण न विचारता अर्ज बाजूला ठेवा, आणि ती काय बोलली हे त्याला कळू देऊ नका.

"बायकांना काय कळतं बंदुकीतलं" अशी कमेंट करायची असेल त्यांनी आपणहून अनफ्रेंड व्हावं, माझा वेळ वाचेल.