नो पार्स

सोसायटीचा खजिनदार मी झालो तो ‘तुम्ही कॉम्प्युटरमधले ना!’ एवढ्या एका वाक्यावर. हिशेब म्हणजे एक्सेलमध्ये अर्ध्या तासाचं काम. पण तेव्हा मला हॅस्केल शिकायची खाज सुटली होती. १९९० साली आलेली ही प्रोग्रामिंगची भाषा. नाव हॅस्केल करी या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाचं, स्वभाव मात्र रीतसर आळशी. १ पासून अनंतापर्यंतचे आकडे मागा, हॅस्केलबाई लगेच ‘हो’ म्हणतात. पहिले पाच दाखवा म्हटलं की पाचच काढतात. उरलेल्या कामाची चिठ्ठी लिहून बाजूला. या चिठ्ठीला थंक म्हणतात.

सभेच्या आदल्या रात्री बसलो. हिशेबाची फाइल उघडली, मजकूर घेतला, फाइल बंद केली (घेतलेली वस्तू जागेवर ठेवावी, आईची शिकवण) आणि ओळी मोजायला सांगितल्या. एरर! ‘डिलेड रीड ऑन क्लोज्ड हँडल.’ म्हणजे बाईंनी मजकूर घेतलाच नव्हता, नुसतं ‘घेते’ म्हणाल्या होत्या. रेशन दुकानाचं शटर पडल्यावर पिशवी घेऊन हजर!

मोजून होईपर्यंत फाइल उघडी ठेवली. नोंदी किती? क्षणात उत्तर: ४८. फ्लॅटही ४८. साडेअकराला सेक्रेटरींना मेसेज टाकला, ‘हिशेब तयार’, आणि झोपलो.

सभेत प्रोजेक्टर लावला. ‘एकूण जमा किती?’ ऐटीत एंटर मारलं. पडद्यावर हे एवढं मोठं: ‘प्रील्यूड डॉट रीड: नो पार्स.’ म्हणजे, हे काही आकडा म्हणून वाचता येत नाही.

डबे मोजायला झाकणं उघडावी लागत नाहीत. बेरजेला लागतात. रात्री बाईंनी ४८ बंद डबे मोजून दिले होते. सगळी झाकणं आधीच उघडायला लावणारं ‘फोर्स’ नावाचं फंक्शन आहे. ते प्रकरण मी नंतर वाचणार होतो. आणि कुठल्या डब्यात घाण आहे, हे हा एरर सांगत नाही. सगळ्यांसमोर एकेक ओळ चाळत गेलो. फ्लॅट ३०४. रकमेच्या रकान्यात, वहीतून मीच जसंच्या तसं उतरवलेलं: ‘पुढच्या महिन्यात देतो.’

३०४चे काका पहिल्याच रांगेत होते. शांतपणे म्हणाले, “मग? नाही कुठं म्हटलंय? आजवर मागितले कुणी?”