तक्रारपेटीची चावी इलेक्शन ड्यूटीवर

भिंतीवर बोर्ड लावला की मुलांच्या सुरक्षेचा कायदा पाळला, असं या मुंबईतल्या शाळांना कोणी शिकवलंय देव जाणे! "आमच्याकडे सगळ्या कमिट्या आहेत मॅडम." आहेत ना, फ्लेक्सवर आहेत. मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती, पालक-शिक्षक संघ, खाली चाइल्डलाइनचा १०९८ नंबर. त्यातल्या एका समितीवर नाव असलेल्या बाई गेल्या वर्षीच रिटायर झाल्यात.

माझा मुलगा सहावीत आहे. अंगाने जरा जाड, स्वभावाने गरीब. झालं, वर्गातल्या पोरांना छळायला एवढं पुरतं. वह्यांवर पाणी ओतायचं, डबा जिन्यावरून भिरकवायचा, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच्या फोटोचे स्टिकर फिरवायचे. परवा तर शर्टाच्या पाठीवर जाड मार्करने 'ढोल्या' लिहून पाठवला. भांडुप स्टेशनपासून घरापर्यंत अख्खा रस्ता वाचत होता, आणि त्याला पत्ताच नाही. ती शाई ब्लीचनेही जात नाही, करून बघा.

शर्ट घेऊन शाळेत गेले. क्लासटीचर म्हणतात, "मुलं आहेत हो, चालायचंच." सुपरवायझर म्हणतात, "त्यालाच जरा स्ट्राँग करा, कराटेला घाला." मुख्याध्यापकांचं तर वेगळंच. "आम्ही त्या मुलांना ओरडलो तर आमच्यावरच आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, कलम १७ लागतं." म्हणजे शिक्षकांनी मुलांना मारू नये, छळू नये म्हणून केलेलं कलम, आणि ते दाखवून शिक्षक हात झटकणार! वा!

तक्रारपेटीत चिठ्ठी टाका म्हणाले. बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने जीआर काढला, महिनाभरात सीसीटीव्ही लावा, तक्रारपेटी ठेवा, नाहीतर कारवाई. आमच्या शाळेनेही ठेवली. कुठे? मुख्याध्यापकांच्या केबिनच्या दाराला लागून, बरोब्बर कॅमेऱ्याच्या खाली. उंची अशी की सहावीतल्या पोराला चवड्यावर उभं राहून हात पुरवावा लागतो. समोरच्या बाकावर दिवसभर शिपाई. चिठ्ठी टाकली की मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या वर्गाला खबर. आणि डबा जिथे भिरकावतात त्या जिन्यावर? तिथे कॅमेरा नाही. "तो फेज टू मध्ये आहे." पेटी शेवटची कधी उघडली विचारलं तर क्लार्क म्हणतो, चावी अमुक सरांकडे, आणि सर इलेक्शन ड्यूटीवर. त्यात सरांची काही चूक नाही म्हणा, शिकवण्याशिवायची सगळी कामं त्यांच्याच बोडक्यावर. पण कुलपाला गंज चढलाय त्याचं काय? तो काय एका निवडणुकीत चढला?

मग मीच वाचायला बसले. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ पासून आहे. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने ७ दिवसांत चौकशी करायची. त्याने टाळाटाळ केली तर त्याचीच गुन्ह्याला साथ धरली जाते. शिक्षण देणाऱ्या संस्थेची व्याख्या एवढी ऐसपैस की शाळाही त्यात बसावी. पण सगळा ढाचा कॉलेज-होस्टेलचा. गुन्हा सिद्ध झाला तर २ वर्षांपर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड, विद्यार्थी बडतर्फ. अकरा वर्षांच्या पोराला हे लावणार? मलाही नको आहे ते. आणि शाळेला नेमकं हेच सोयीचं पडतं. "तुम्हाला त्या मुलाचं आयुष्य बरबाद करायचंय का?" अहो, तुरुंग आणि 'चालायचंच' यांच्या मध्ये काहीच नाही? बाकं बदला. मधल्या सुट्टीत जिन्यावर एक माणूस उभा करा. त्या मुलांच्या आईवडिलांना बोलवा, समुपदेशकाला बसवा, जे ठरेल ते कागदावर लिहा. याला कुठलं बजेट लागतं?

सीबीएसईने २०१५ मध्येच आपल्या शाळांना बुलिंगविरोधी समिती नेमायला सांगितलं होतं. तेही दाखवलं. "आपली स्टेट बोर्डाची शाळा मॅडम, ते आपल्याला लागू नाही." बरं, वर तक्रार करायची तर प्राथमिकचं महापालिकेकडे, माध्यमिकचं शिक्षण निरीक्षकांकडे. आमची सहावी हायस्कूलच्या इमारतीत, म्हणून दोघंही एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे. पोलीस चौकीत तर "आधी शाळेचं पत्र आणा".

आणि सगळ्यात डोकं फिरवणारं वाक्य शेवटी, चहा विचारून झाल्यावर: "इथे त्याला जमत नसेल तर दाखला घेऊन जा, आम्ही लगेच देतो." लगेच! चौकशीला वेळ नाही, दाखला लगेच! शर्ट ज्याचा खराब झाला त्यानेच शाळा बदलायची, आणि मार्करवाला पहिल्या बाकावर बसून राहणार.

नाही घेणार दाखला. अर्ज लिहिलाय, दोन प्रती, सोबत शर्टाचा आणि स्टिकरचा फोटो, खाली १९९९ च्या कायद्याचा उल्लेख. सोमवारी आवक नंबर आणि शिक्का मिळाल्याशिवाय केबिनसमोरून हलणार नाही. सर ड्यूटीवर असोत नाहीतर चंद्रावर.