गाठ नव्हे, डोळा!

एमआरआय सेंटरच्या बाकावर बसलेल्या कुणाही इसमाला तुमची फिल्म बघण्याचा जन्मसिद्ध हक्क असतो. डोकेदुखीसाठी काढलेल्या एमआरआयच्या रिपोर्टचं पाकीट माझ्या हातात पडतंय तोच शेजारच्या काकांनी "बघू" म्हणत ते काढून घेतलं, फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली, चष्मा कपाळावर चढवला.

"गाठ आहे."

"कुठे?"

"ही काय, पांढरी, गोल!"

"काका, तो डोळा आहे."

"मग ही दुसरी?"

"दुसरा डोळा."

"म्हणजे दोन्हीकडे पसरलंय."

मी समजावू लागलो, की टी-टू चित्रात, म्हणजे एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात, पाणी पांढरं दिसतं. डोळ्यांत पाणी असतं, मेंदूभोवतीही असतंच.

"अहो, ऐकलंत का," काकांनी लांबच्या बाकावरच्या काकूंना हाक मारली, "यांच्या मेंदूत पाणी झालंय!"

अख्खं सेंटर माझ्याकडे हळहळून बघू लागलं. रिपोर्टमध्ये मेंदू नॉर्मल लिहिलाय, हे ऐकून घ्यायला कुणीच तयार नव्हतं.

मायग्रेन काय किंवा ताणाची डोकेदुखी काय, फोटोत येत नाही. ती विचारपूस करूनच ओळखायची. फोटो काढायचा तो दुसरं काही नाही ना, हे बघायला: पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेलं दुखणं, सोबत फिट, हातापायांत बळ नसणं, ताप आणि आखडलेली मान. क्षणार्धात टिपेला पोचलेल्या डोकेदुखीत तर आधी साधा सीटी स्कॅन. तो मिनिटांत होतो आणि ताजं रक्त त्यात पांढरं उठून दिसतं.

एमआरआयला मात्र वीस-तीस मिनिटं, डोक्यावर पिंजरा चढवून. आतल्या कॉइल्समधला, म्हणजे तारांच्या वेटोळ्यांमधला, विजेचा प्रवाह झपाट्यानं उलटसुलट होतो, त्या थरथरतात आणि शंभर डेसिबलच्या वर ठोकाठोक चालते. ज्याचं डोकं दुखतंय त्यालाच त्यात घालायचं! कानांत काय, तर कापसाचे दोन बोळे. फोमचे इअरप्लग काय सोन्याचे असतात?

शिवाय मशीनच्या खोलीचं दार सताड उघडं. काका तर किल्ल्यांचा जुडगा वाजवत उंबऱ्यापर्यंत जाऊन आले. मशीनमधलं लोखंड खेचणारं चुंबक तपासणी संपली म्हणून बंद होत नाही, चोवीस तास चालू असतं. 2018 साली मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेला तरुण जिवानिशी गेला. एवढं होऊनही दाराशी एक माणूस बसवता येत नाही?

तेवढ्यात काकांना रिपोर्टच्या तळाशी एक ओळ सापडली: सायनसचं, म्हणजे नाकाभोवतीच्या पोकळ्यांचं, अस्तर किंचित जाड. डोकं कधीच न दुखणाऱ्यांच्या फोटोतही हे निघतं, असं मी म्हणेपर्यंत त्यांनी मांडीवर थाप मारली.

"निघालं की नाही? उगाच नॉर्मल, नॉर्मल करत होते!"