नामांकित म्हणे!

"शहरातील एका नामांकित डॉक्टरने तपासणीच्या बहाण्याने महिलेवर अत्याचार केला." पान पाच, खालचा कोपरा. पुन्हा तेच! एवढा नामांकित आहे तर छापा की नाव. गुन्हा दाखल झाला, अटक झाली, टपरीवर चहा पिणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. बाईचं मात्र गाव, वय, नवरा कुठे कामाला, सगळं छापून मोकळे. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. डॉक्टरची झाका असं कुठल्या कलमात लिहिलंय?

आमच्या बीड जिल्ह्यात तीन वर्षांत खासगी दवाखान्यांत ४,६०५ गर्भपिशव्या काढल्या, असं २०१९ मध्ये सरकारनंच सांगितलं. तेव्हा ऊसतोड मजुरांची आगाऊ उचल, मुकादम, कोयता यावर रकानेच्या रकाने वाचले. दवाखान्याची पाटी शोधून शोधून डोळे दुखले.

तालुक्याच्या वार्ताहराला तरी काय बोलायचं? मानधन नावापुरतं, जाहिरातीचं टार्गेट डोक्यावर. सकाळी ज्याच्याविरुद्ध लिहायचं, दिवाळीच्या जाहिरातीसाठी दुपारी त्याच्याच केबिनबाहेर बसायचं. दोष मालक-संपादकांचा.

आणि पाठपुरावा? नाहीच. जामीन झाला का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार गेली का, नोंदणी निलंबित झाली का, एक फोन लावायला काय जातं हो? परवा मात्र त्याच पेपरात पाव पान रंगीत जाहिरात: मोफत महिला आरोग्य शिबिर, लाभ घ्यावा. यात नाव, फोटो, सगळ्या डिग्र्या. अगदी ठळक!