‘मे पोनेस उन काफे?’ हे वाक्य उर्मट आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. स्पॅनिशमधून न्याहारीविषयी कसे बोलावे, या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. कॉफी मागण्यासाठी ‘किसिएरा’ने (‘मला हवे होते’) सुरू होणारे सभ्य वाक्य सोडून मी ‘मे पोनेस उन काफे?’ (‘मला एक कॉफी देतोस का?’) हे उर्मट वाक्य शिकवले, हा पहिला. आणि ‘आल्मुएर्सो’ म्हणजे दुपारचे जेवण असताना तो शब्द न्याहारीत घुसडला, हा दुसरा. दोन्ही आक्षेप पाठ्यपुस्तकाला धरून आहेत, तरीही लेखातील मजकूर मी तसाच ठेवणार आहे.

‘किसिएरा’ चुकीचे नाही. मात्र सकाळच्या गर्दीत माद्रिदमधील एखाद्या बारमध्ये (तिथे बाहेरची न्याहारी बहुधा बारमध्येच होते) कानावर पडते ते ‘मे पोनेस उन काफे कोन लेचे?’ (दुधाची कॉफी) किंवा नुसते कॉफीचे नाव. प्रश्नार्थक रचना आणि बोलण्याचा सूर यांतच तिथला आदर सामावलेला असतो. टपरीवर आपणही ‘दादा, एक कटिंग द्या’ असेच म्हणतो; ‘कृपया मला चहा मिळू शकेल का’ असे कोणी म्हटले, तर चहावालाच चपापेल. मालागा शहरातील काफे सेंत्राल 2022 मध्ये बंद झाले. तिथल्या भिंतीवरील फरशांवर कॉफी-दुधाच्या प्रमाणानुसार नावे रंगवलेली होती. निव्वळ कॉफी ती ‘सोलो’, जवळजवळ दूधच ती ‘नुबे’, म्हणजे ढग. आणि शेवटी रिकाम्या पेल्याखाली ‘नो मे लो पोंगा’, म्हणजे ‘मला देऊच नका’. ‘पोंगा’ हे ‘पोनेस’चेच दुसरे रूप; आपल्याला खटकलेले क्रियापद स्पेनमध्ये असे रुळलेले आहे.

हे सारे स्पेनपुरते, हे मात्र मान्य. कोलंबियातील बोगोतामध्ये ‘मे रेगाला उन तिंतो?’ असे विचारतात. शब्दशः ती भेट मागणे झाले, पैसे अर्थातच द्यावे लागतात. आणि येणारा ‘तिंतो’ काळी कॉफी असतो, स्पेनमध्ये त्याच शब्दाने लाल वाइन येते.

आता ‘आल्मुएर्सो’. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोन-तीनच्या सुमारास होते आणि त्याला सामान्यतः ‘कोमिदा’ म्हणतात. सकाळी घरी कॉफी आणि बिस्किटांवर भागवलेल्या माणसाला तोवर दम धरवत नाही, म्हणून अकराच्या आत दुसरे खाणे होते. वालेन्सियात त्यालाच ‘आल्मुएर्सो’ म्हणतात, आणि ते तोंडात टाकण्यापुरते नसते: मांस किंवा ऑम्लेट भरलेला लांबट पाव, सोबत शेंगदाणे व ऑलिव्ह, बिअर किंवा सोडा घातलेली वाइन, आणि अखेरीस पेटवलेल्या रममध्ये कॉफी ओतून केलेला ‘क्रेमाएत’. न्याहारीवरील लेखातून हे वगळणे मला अशक्य होते.

आपण पेरूतील लिमा किंवा बोगोता येथे जाणार असाल, तर आपण म्हणता तो दुपारच्या जेवणाचाच अर्थ धरावा. तिथे सकाळी दहा वाजता ‘आल्मुएर्सो’ मागितल्यास स्वयंपाक व्हायचा आहे, असेच उत्तर मिळण्याची शक्यता अधिक.