स्वस्त पडतं, पण...

विमानप्रवासावरच्या एका लेखात म्हटलंय की एका सहलीत तीन-चार शहरं करायची तर प्रत्येक टप्प्याचं विमानाचं तिकीट वेगळं काढा, स्वस्त पडतं. पडतंही कधीकधी, पण हा सल्ला अर्धवट आहे. पहिलं विमान उशिरा पोचून पुढचं चुकलं, तर सुट्या तिकिटांवर दुसरी कंपनी तुम्हाला सरळ 'नो शो', म्हणजे आलाच नाहीत असं धरते आणि नवं तिकीट स्वतःच्या खिशातून काढावं लागतं. तेच कनेक्शन एका बुकिंगमध्ये असेल, तर पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीचं काम. मी हे भोगलंय. बॅगेची वाट बघत पट्ट्यापाशी उभी होते आणि फलकावर माझ्या पुढच्या विमानासमोर 'गेट क्लोज्ड' झळकलं. पोटात गोळाच आला.

म्हणून 'मल्टी-सिटी'चा, म्हणजे सगळी शहरं एकाच बुकिंगमध्ये घेण्याचा पर्याय आधी बघाच. एका शहरात उतरून दुसऱ्यातून परतायचं असेल तर तोच सोयीचा. फक्त मधला एखादा टप्पा गाळू नका, पुढचे सगळे बहुधा आपोआप रद्द होतात. आणि व्हिसा! अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी परदेशी प्रवाशाला इमिग्रेशन पार करावंच लागतं, म्हणजे व्हिसाचा प्रश्न आलाच. पैसे भरण्याआधी मधल्या प्रत्येक विमानतळाचा व्हिसाचा नियम तपासा, कृपा करून.