तोंडात टाकायला

आरडीच्या, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ होण्याच्या परीक्षेला बसायचं तर आधी सहा महिने रुग्णालयात इंटर्नशिप करावी लागते. मी ती पुण्यात केली. तिसऱ्या आठवड्यातच वॉर्डात माझं बारसं झालं, 'मीठ बंद करणारी बाई'. मला लांबून बघितलं की धडधाकट बसलेले आजोबा आडवे होऊन डोळे मिटायचे.

पहिलं काम सोपं वाटलं होतं. पेशंटने घरी २४ तासांत काय खाल्लं ते लिहून घ्यायचं. पायाच्या जखमेसाठी दाखल झालेल्या, मधुमेह असलेल्या एका आजींना विचारलं.

"काही नाही गं. या वयात जातंय कुठं?"

"चहा?"

"चहा म्हणजे काय खाणं झालं का?"

खाणं नसलेला हा चहा दिवसातून सहा वेळा, दोन-दोन चमचे साखर घालून. चमच्याला ५ ग्रॅम धरले तरी ६० ग्रॅम साखर, म्हणजे २४० कॅलरी.

"चहाबरोबर काही?"

"नुसता चहा बाधतो. खारी असते आपली, तोंडात टाकायला."

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ अन्नपदार्थांची घटकसूची काढली. मी ती रात्र रात्र जागून वाचली होती, पण 'तोंडात टाकायला' हा प्रकार तिच्यात नाही. आपल्याकडे जेवण वेगळं, खाणं वेगळं. तोंडात टाकणं, चव बघणं, नातवाच्या ताटातलं वाया जायला नको म्हणून संपवणं आणि चतुर्थीची साबुदाणा खिचडी, या सगळ्यांची बेरीज शून्य.

मग वाटी. आजी आमटी 'एकच वाटी' घेतात, असं मी लिहून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी सुनेने डबा आणला, त्यातच ती वाटी होती. तिच्यात आमच्या कॉलेजातल्या मापाच्या तीन वाट्या आरामात बसल्या असत्या. "हीच का?" म्हटलं तर सून म्हणाली, "नाही, घरची मोठी आहे."

डायलिसिसच्या खोलीत तर वेगळाच सामना. भेटायला येणारा प्रत्येकजण नारळपाणी घेऊन यायचा. त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि मूत्रपिंडं थकलेल्या माणसाला ते हृदयापर्यंत भोवतं, हे सांगून माझा घसा बसला. माझा बसलेला घसा ऐकून एका काकांनी मलाच नारळपाणी दिलं.

पण खरा घाम काढला तो आजींनीच. १५०० कॅलरींचा तक्ता, बिनसाखरेचा चहा, मोजून दोन भाकरी, आणि तरी चार दिवस सकाळची साखर दोनशेच्या खाली येईना. डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवलं. आमच्या सीनियर मॅडमनी भुवया वाढवल्या. "हिशेब तपास." मी तीनदा तपासला. शेवटी किचनमध्ये उभी राहून भाकरी काट्यावर ठेवायला लागले, तेव्हा तिथल्या मावशी म्हणाल्या, "मॅडम, भाकरी मोजताय का सोनं?"

पाचव्या दिवशी दुपारी मी रडवेल्या तोंडाने आजींच्या खाटेशी गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि उशीखालून स्टीलचा डबा काढला. आत डिंकाचे लाडू. तळाला तीन उरले होते.

"किती वाळलीस पोरी. घे, तोंडात टाक."

"आजी! हे कोण खातं?"

"मी नाही बाई. मला कुठं चालतंय? येणाऱ्या-जाणाऱ्यांना असतात."

"आणि तुम्ही?"

"कुणी घेतला की त्याला सोबत म्हणून अर्धा."

मी डबा जप्त केला आणि नोंद करायला एक लाडू काट्यावर ठेवला. ३१ ग्रॅम. एवढ्या मोठ्या लाडवाचं वजन इतकं कमी कसं, म्हणून फिरवून बघितला, तर पलीकडची बाजू गायब होती. सिस्टर तोंड पुसत म्हणाल्या, "मी नुसती चव बघितली."